नऊ हजार सहाशे वॉनचा पहिला पगार

२६ ऑक्टोबर १९९८, सोमवार

ही वही मला सरकारने दिली आहे. वरती सोनेरी अक्षरांत ‘आत्मोन्नती’ असं छापलंय. रोज संध्याकाळी झाडलोट झाली की एक तास मिळतो. त्या वेळात प्रत्येक शिपायाने यात आपले उदात्त विचार लिहायचे, आणि दर एक आणि पंधरा तारखेला आमचे लेफ्टनंट हाम ते वाचून लाल शाईने शेरा मारणार. आज पहिल्या पानावर मी लिहिलं, “नव्या तुकडीत रुजू झालो. सीमा जवळ आहे. मन अभिमानाने भरून आलं.” एवढं लिहून माझे उदात्त विचार संपले. म्हणून वही उलटी केली आणि मागच्या पानापासून ही खरी दैनंदिनी सुरू केली. लेफ्टनंटसाहेबांना तीस वह्या वाचायच्या असतात, मागून कोण उघडून बघतोय.

खरं सांगायचं तर मन नाही, टाचेवरचा फोड भरून आलाय. सहा आठवडे प्रशिक्षण छावणीत काढले आणि आता या डोंगरात येऊन पडलो. खोलीत दहा जण, सगळे एका लांब चौथऱ्यावर ओळीने झोपतो. मी सगळ्यात नवा, त्यामुळे दाराशेजारी. आतल्या टोकाला सार्जंट ब्योन. त्यांचे सुटायला दोन-अडीच महिने उरलेत, म्हणून ते दिवसभर आडवे असतात आणि उठले तर सगळे दचकतात. मधे कॉर्पोरल गिल, गोलमटोल, आवाज मात्र भोंग्यासारखा. कुणाही वरिष्ठाचा हात लागला की मी ताठ होऊन ओरडायचं, “शिपाई प्यो गितेक.” आज चाळीस वेळा तरी ओरडलो असेन. गिल यांना त्यात मजा वाटते, ते जाता-येता बोट लावतात.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

आईचं पत्र आलं. इंछनला तिची गाडी बरी चाललीय. स्टेशनच्या तोंडाशी माशांच्या वड्यांच्या काड्या आणि गूळ-शेंगदाण्याच्या गरम पोळ्या विकते. “सकाळी वारा बोचतो, पण वाफेजवळ उभी असते, तू काळजी करू नकोस,” असं लिहिलंय. बाबांबद्दल एकच ओळ. “ते घरी आहेत, बरे आहेत.”

बाबा मार्चपासून घरीच आहेत. बावीस वर्षं लेथवर काम केलं आणि यंदा कारखान्याने एका कागदावर साठ नावं लावली, त्यात यांचं. तेव्हापासून दिवसाउजेडी घराबाहेर पडत नाहीत. विचारलं की म्हणतात, गुडघा दुखतो. मी कॉलेज सोडून सैन्यात लवकर आलो तो घरातलं एक ताट कमी व्हावं म्हणून. तर इथेही रांग. माझ्यासारखी ताटं कमी करणारी पोरं यंदा एवढी, की भरतीसाठी चार महिने थांबावं लागलं.

पत्र वाचून मला माझं पाप आठवलं. ते इथे लिहून टाकतो, म्हणजे पोट हलकं होईल.

पहिल्या पगारातून आई-बाबांना लाल गरम जोड घ्यायचा असतो. आतून घालायची पूर्ण बाह्यांची बनियन आणि घोट्यापर्यंतची विजार, लालभडक. हे कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या मावसभावाने घेतला, शेजारच्या पोरीने बँकेत लागल्यावर घेतला, आणि तिच्या आईने तो दोरीवर असा वाळत घातला की गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून दिसावा. माझ्या आईने तेव्हा तिकडे फक्त दोनदा बघितलं.

आणि मी काय केलं? दहा ऑक्टोबरला छावणीत पहिला पगार मिळाला, नऊ हजार सहाशे वॉन. महिन्याभरात जिभेला साखर लागलेली नव्हती. त्याच दिवशी कँटीन उघडलं. मी चॉकलेटचे मऊ केक तीन डबे आणि सुका स्क्विड घेतला, संडासात जाऊन बसलो आणि खाल्ला. पहिला पगार. सगळा. दोन दिवसांत. लाल जोड तिसऱ्या दिवशी आठवला.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज तोंडातून निसटलं. बूट पुसताना गिल म्हणाले, “उद्या पगार. काय करणार रे तू?” मी म्हणालो, “आईला लाल जोड घ्यायचाय.”

“मग पहिला पगार छावणीत झाला ना तुझा? त्याचं काय केलंस?”

खोटं बोलता येत नाही, सवय नाही. सांगितलं. गिल हसून हसून चौथऱ्यावर लोळले. “म्हणजे तू आईची विजार खाल्लीस.”

सगळी खोली गोळा झाली. एकाचं म्हणणं, पहिला तो पहिला, खाल्ला तर खाल्ला, आता दुसऱ्या पगाराचा जोड म्हणजे नुसते कपडे. दुसऱ्याचं म्हणणं, सैन्यातल्या पैशाला पगारच म्हणत नाहीत, सुटल्यावर नोकरी लागेल तेव्हा बघ. तो म्हणाला, “नऊ हजार सहाशे हा काय पगार आहे? हे तर कान उपटून हातावर टेकवलेले पैसे.” माझं तोंड उतरलं. सुटायला अजून दोन वर्षं, आणि सुटल्यावर नोकऱ्या कुठे ठेवल्यात? आई तोवर वाऱ्यात उभी.

तेवढ्यात सार्जंट ब्योन उठून बसले.

“ए प्यो. छावणीत पगाराच्या कागदावर शिक्का कुणी मारला?”

“शिपाई प्यो गितेक. प्रशिक्षकांनी मारला, सार्जंटसाहेब. सहीऐवजी मारायचे सगळ्यांचे नावाचे शिक्के त्यांनी पहिल्याच दिवशी गोळा करून खोक्यात ठेवले होते.”

“तू मारला नाहीस?”

“नाही, साहेब.”

“मग विषय संपला. ज्या कागदावर माणसाने आपल्या हाताने शिक्का मारला नाही, तो पगार त्याचा नव्हे. ते छावणीने दिलेलं खाऊचं पाकीट होतं. उद्या स्वतः शिक्का मार. तो पहिला पगार.” असं म्हणून ते परत आडवे झाले.

गिल कुरकुरले, पण सार्जंटच्या निकालावर अपील नसतं. माझा जीव भांड्यात पडला.

१० नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीचे सुभेदार मेंग पाकिटं वाटायला बसतात. वीस वर्षं नोकरी, दोन्ही भुवया एकच वाटतात, हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मी शिक्का लाल शाईत इतका दाबला की कागदाला खळगा पडला. सुभेदार म्हणाले, “टेबलाला भोक पाडतोस काय रे?” मी म्हणालो, “नाही, साहेब.” पाकीट उघडलं नाही. तसंच उशीच्या खोळीत ठेवलं.

सार्जंट ब्योन यांना मी धीर करून विचारलं की त्यांनी पहिल्या पगाराचं काय केलं होतं. ते छताकडे बघत म्हणाले, “आजवर पंचवीस पाकिटं मिळाली. सगळ्यांचे कँटीनमधले गोठवलेले मोमो झाले. आता दोन महिन्यांनी कुणी विचारलं की दोन वर्षांत काय कमावलंस, तर पोट दाखवावं लागेल.” मग पांघरूण डोक्यावर ओढलं. झोप लागली असावी.

१५ नोव्हेंबर, रविवार

लेफ्टनंट हाम यांचा शेरा आला, पुढच्या बाजूला. “विचार चांगले. थोडे जास्त लिहावेत.” साहेब फार सरळ माणूस आहे. चोवीस-पंचवीस वर्षांचे असतील, चष्मा, पाय मोजून टाकतात. फक्त आंघोळीच्या वेळी प्रार्थनेची गाणी म्हणतात ती ऐकवत नाहीत. सूर असा घसरतो की साबण घसरावा.

कँटीनवरून सलग पाच दिवस तोंड फिरवून गेलो. गिल मुद्दाम समोर बसून मोमो खातात आणि म्हणतात, “आईची बाही खातोस का रे थोडी?” माझ्या डाव्या हातमोज्याचं अंगठ्याजवळची शिवण उसवलीय, नवीन दोरा घ्यायचा म्हटलं तर तेवढेही पैसे मोडवत नाहीत. अंगठा बाहेर ठेवूनच फावडं मारतो.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज तुकडीला गावात सार्वजनिक हमामात नेलं. तिथल्या बस-थांब्याजवळ कपड्यांचं एक दुकान आहे, आणि काचेच्या आत, मधोमध, लाल जोड. जाड, आतून लव असलेला, गळ्याला आणि पायाच्या टोकाला बारीक लेस. किंमत बावीस हजार. मी इतका वेळ उभा राहिलो की गिल यांनी कॉलर धरून ओढलं. “शिपाई प्यो गितेक,” असं मी भर बाजारात ओरडलो. दोन म्हाताऱ्या दचकल्या.

आता हिशेब साधा आहे. सुट्टी २८ डिसेंबरला, सैन्यात शंभर दिवस झाल्याची, पाच दिवस. तोवर दोन पगार, म्हणजे एकोणीस हजार दोनशे. कमी पडतात दोन हजार आठशे. दोन हजार आठशे म्हणजे काही आभाळ नव्हे, पण इथे ते आणायचे कुठून? उसने मागितले तर तो माझा पगार कसा? आणि वरिष्ठ कनिष्ठाला देतात ते परत घेत नाहीत, मग तर आणखीच वाईट. बनियन वेगळी मिळेल का, हेही विचारून आलो. दुकानदारीणबाई म्हणाल्या, “जोड म्हणजे जोड. वरची घेऊन गेलास तर खालची मी कुणाला विकू, कोंबडीला?”

आणखी एक टोचतंय. जोड एकच परवडणार, तोही जमला तर. आणि माणसं दोन. रीतीप्रमाणे दोघांना द्यायला हवा. पण आई वाऱ्यात उभी असते, बाबा खोलीत असतात. म्हणून आईचा. बाबांना सांगेन की तुमचा फेब्रुवारीनंतर. बाबा काही म्हणणार नाहीत. ते हल्ली कशालाच काही म्हणत नाहीत, हेच तर वाईट.

२९ नोव्हेंबर, रविवार

आईचं माप माहीत नाही. मापाचा आकडा विचारला तर तिला कळेल. सार्जंट ब्योन म्हणाले, “खोलीतल्या कुणासारखी आहे सांग.” मी सगळ्यांकडे नीट बघितलं. “कॉर्पोरल गिल यांच्यासारखी, साहेब. खांद्यात. उंचीने मात्र हातभर कमी.”

गिल लालबुंद झाले, पण सार्जंटनी उभं केलं. बुटाच्या लेसने खांदे मोजले, मग मांडी. “श्वास सोड,” सार्जंट म्हणाले. “याची आई श्वास धरून पोळ्या लाटते काय?” खोलीत हसून हसून लोकांचे डोळे ओले. गिल म्हणाले, “प्यो, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, आणि हे मोजमाप सांगू नकोस.” नव्वद नंबर लागेल असं ठरलं.

२ डिसेंबर, बुधवार

काल वह्या तपासून झाल्या. शेरा, “प्रगती आहे.” आज सकाळच्या तपासणीत लेफ्टनंटसाहेब दहा जणांपैकी थेट माझ्यासमोर थांबले. “डावा हात दाखव.” दाखवला. उसवलेला हातमोजा बघून कोठीतून नवा जोड द्यायला लावला. नजर बघा माणसाची, एवढ्या लांबून शिवण दिसली. आणि विशेष म्हणजे काल आणि आज आंघोळीला ते गप्प होते. घसा बसला असेल. आता जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

१० डिसेंबर, गुरुवार

दुसरं पाकीट. शिक्का यावेळी बेताने मारला. दोन्ही पाकिटं उशीत, रात्री मानेला टोचतात, पण काढवत नाहीत.

पहिली मोठी हिमवृष्टी झाली. पहाटेपासून दुपारपर्यंत रस्त्यावरचं बर्फ ओढलं, मागून परत पडतच होतं. हात सुजले, पोटात कावळे ओरडायला लागले. गिल यांनी कँटीनमधून गरम मोमो आणले आणि सगळ्यांना दिले, मलाही. मी सहा खाल्ले. माझ्या पैशाचे नव्हते म्हणून चाललं.

दोन हजार आठशेचं मात्र काही जुळत नाही. आज प्रथमच वाटलं, बाई कदाचित एकोणीस हजारांत देईल. नाही दिला तर रिकाम्या हाताने घरी जायचं. आई म्हणेल, तूच आलास हेच खूप. ती तसं म्हणेल म्हणूनच मला रिकाम्या हाताने जायचं नाहीये.

१६ डिसेंबर, बुधवार

सुभेदार मेंग यांनी कचेरीत बोलावलं. वाटलं, शिक्क्याने टेबल खराब केल्याचा दंड.

“तू सिगरेट ओढत नाहीस ना?” भुवई न हलवता त्यांनी विचारलं.

“नाही, साहेब.”

“सिगरेटी न घेणाऱ्या शिपायाला तंबाखूचा भत्ता रोख मिळतो. तुझा प्रशिक्षणापासूनचा थकला होता. कागद आज सापडला. इथे शिक्का मार.”

मी शिक्का मारला. कागद जरा विचित्र होता, चौकोनी वहीतून फाडल्यासारखा, त्यावर छापील काही नव्हतं. सुभेदारांनी खिशातून पाकीट काढून पैसे मोजले. दोन हजार आठशे वॉन. मी तिथेच मोजले, परत मोजले. नेमके तेवढेच. एक वॉन कमी नाही, जास्त नाही.

मी म्हणालो, “साहेब, मला तर नेमके एवढेच—”

“एवढेच काय?”

“काही नाही, साहेब.”

“मग चालता हो. आणि ते पैसे खाऊ नकोस.”

लोक उगीच सरकारला नावं ठेवतात. नऊ हजार सहाशे देतात हे खरं, पण जे देतात त्याचा हिशेब कसा चोख. गिल म्हणाले की त्यांनी हा असला थकलेला भत्ता कधी ऐकला नाही. ते सिगरेट ओढतात, त्यांना कसा मिळणार. सार्जंट ब्योन भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांचे खांदे हलत होते. खोकला असेल.

कालचा लेफ्टनंटसाहेबांचा शेरा मात्र कळला नाही. “अक्षर सुधारावे, विशेषतः मागच्या बाजूचे. गाण्याविषयी मतभेद आहेत.” मी पानाच्या मागच्या बाजूला तर लिहीतच नाही, शाई फुटते म्हणून. आणि गाण्याविषयी मी पुढे काही लिहिलेलंच नाही. दुसऱ्या कुणाचा शेरा माझ्या वहीत पडला बहुतेक. तीस वह्या म्हणजे माणूस गोंधळणारच.

२८ डिसेंबर, सोमवार. इंछन, घरी

सकाळी सहाला सुटलो. बूट आरसा झाले होते. सार्जंट ब्योन यांनी स्वतः गणवेशाच्या घड्या इस्त्री करून दिल्या, एवढ्या वरच्या माणसाने. दुकान उघडायच्या आधीच मी दारात. बाई म्हणाल्या, “आता तेवीस आहे. नवीन वर्ष आलं.”

मी दोन्ही पाकिटं आणि भत्त्याच्या नोटा फळीवर ओतल्या. “बाई, एवढेच आहेत. पहिल्या पगाराचा आहे. आईला.” बाईंनी पाकिटांवरचं माझं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. जोड खाली काढला, चांगल्या कागदात बांधला, वर फीत लावली. “बावीस. फितीचे नाहीत.” मग म्हणाल्या, “वडील नाहीत का?” मी म्हणालो, “आहेत. त्यांचा फेब्रुवारीनंतर.” त्या म्हणाल्या, “हं.”

आई दारात आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ताठ होऊन ओरडलो, “शिपाई प्यो गितेक.” आईच्या हातातलं पातेलं पडलं. बाबा आतून बाहेर आले, मला वाटलं, पहिल्यांदाच हसले.

जेवणं झाल्यावर जोड दिला. आईने फीत जपून सोडली, गुंडाळून ठेवली, मग कागद उघडला. आतल्या लवेवरून हात फिरवला. आणि लागली रागवायला. “पैसे काय झाडाला लागतात का तुमच्या छावणीत? स्वतःला काही खायचं सोडून.” मी म्हणालो, “आई, पहिला पगार आहे.” ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ भांड्यांचा आवाज. भांडी तर आधीच घासून झाली होती.

बाबांना मी सांगितलं, “तुमचा पुढचा, बाबा.” ते म्हणाले, “मला कशाला. मी कुठे जातो थंडीत.” आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मला वाईट वाटलं. कदाचित दोघांना काहीतरी छोटं घ्यायला हवं होतं, मोजे वगैरे. चुकलंच माझं.

२९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आई बनियन घालून गाडीवर गेली. गळ्यातून लाल लेस दिसत होती, ती स्वेटर मुद्दाम खाली ओढत होती. म्हणाली, “विजार मात्र मांडीत तंग होतेय रे. ठेवून दिली.” म्हणजे गिल यांचं माप चुकलं. श्वास सोडायला लावला तिथेच घोटाळा. मी म्हणालो, “बदलून आणतो.” ती म्हणाली, “नको नको, एवढ्या लांब कुठे जातोस. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”

दुपारी तिच्याबरोबर उभा राहिलो, पोळ्या उलटल्या. चांगल्या जमतात मला, फावड्याची सवय.

३० डिसेंबर, बुधवार

फार काही नाही. झोपलो, जेवलो, परत झोपलो. बाबा सकाळी लवकर उठून बिछाना आवरून बसले होते. चालताना जरा अवघडून पावलं टाकतात, गुडघ्याचं दुखणं वाढलेलं दिसतं. बसताना तर असे हळू बसले की मला उठून हात द्यावासा वाटला. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणाले, “गुडघ्याला काही झालेलं नाही.” मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे, बरा आहे.”

३१ डिसेंबर, गुरुवार

उद्या परत जायचं. आज झालं ते लिहितो, नाहीतर छावणीत गेल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुपारी आई आणि मी गाडीवर होतो. उणे आठ अंश, वर समुद्राचा वारा. गॅसची टाकी संपत आली होती. आई म्हणाली, “संध्याकाळी तू आण.” एवढ्यात समोरून बाबा येताना दिसले, खांद्यावर भरलेली टाकी. भर दुपारी, स्टेशनच्या तोंडाशी, जिथे अर्धा कारखाना ये-जा करतो. आई माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. बाबांनी टाकी ठेवली, नळी जोडली, आणि काही झालंच नाही अशा तऱ्हेने झारा हातात घेतला.

पाच मिनिटं गेली नसतील तर मोककाका आले. बाबांच्या शेजारच्याच लेथवर होते, त्याच कागदावर यांचंही नाव. बाबांनी त्यांना मार्चनंतर टाळलंय, मला माहीत आहे. मोककाकांना केवढा आनंद झाला. काडी घेतली, रस्सा घेतला, आणि माझ्या गणवेशाकडे बघून म्हणाले, “काय रे, सरकार किती देतं तुला?”

“नऊ हजार सहाशे, काका.”

“दिवसाला?”

“महिन्याला.”

काका इतके हसले की रस्सा हातावर सांडला. “अरे देवा. एवढ्यात तर माझ्या आठवड्याच्या सिगरेटी होत नाहीत. एवढं मोठं घोडं, डोंगरात बर्फ ओढतंय, आणि याला पगार म्हणायचं?” ते वाईट मनाने म्हणाले नाहीत. पण माझे कान तापले. आईने मान खाली घातली.

बाबांनी झारा ठेवला. गाडीशेजारचं मासळीचं रिकामं खोकं ओढलं, त्यावर डावा पाय ठेवला आणि पँट वर केली. आत लाल विजार. आईच्या मापाची, म्हणून जेमतेम पोटरीपर्यंत पोचलेली, टोकाला लेस, आणि शिवणीजवळ ताणून ताणून आतलं कातडं दिसायला लागलेलं.

“पगारच आहे,” बाबा म्हणाले. “पोराचा पहिला पगार आहे. वरचं हिच्या अंगात आहे, खालचं माझ्या.”

मोककाका वाकून बघत राहिले. हसू थांबलं होतं. त्यांनी लेसला हळूच बोट लावून पाहिलं. “ऊब आहे?” त्यांनी विचारलं.

“गरम होतंय,” बाबा म्हणाले.

मी तोंड फिरवलं आणि पोळ्या उलटायला लागलो, कारण मला सरळ रडू आलं. दोन पोळ्या करपल्या. आई म्हणाली, “लक्ष कुठे आहे तुझं,” आणि करपलेलीच एक पोळी कागदात गुंडाळली. मोककाकांनी आणखी दोन लोकांना हाक मारली, तेही कारखान्यातलेच. तेही आले. बाबांनी त्यांनाही सांगितलं, अगदी पहिल्यापासून. विजारीच्या खालचा उघडा पाय वाऱ्याने निळा पडला होता. तरी तो खोक्यावर तसाच होता, आणि पँट खाली करायची बाबांना काही घाई नव्हती.